क्योमासाठी सात ते तीन उपोषण

व्हिडिओ गेमसाठी उपोषणाला बसलेला अख्ख्या नाशिक जिल्ह्यातला पहिला माणूस मी! सातपूरला कुणालाही विचारा. कारण वेगळं सांगतील, पण नाव माझंच सांगतील!

पहिल्यापासून सांगतो. दोन हजार चार साल. मी सातपूरला एका कारखान्यात ट्रेनी होतो, लेथ मशीनवर. ट्रेनी म्हणजे काम कायम कामगाराएवढं आणि मान पाहुण्याच्या पाहुण्याएवढा! सहा महिने झाले की दोनच गोष्टी. एक तर कायम, नाही तर 'ब्रेक'. ब्रेक म्हणजे घरी बसा. आमची एकवीस पोरांची बॅच. तीस तारखेला सहा महिने भरत होते.

मी कायम व्हावं असं घरात सगळ्यांनाच वाटायचं, पण सगळ्यात जास्त बाबांच्या गुडघ्यांना. मखमलाबादला आमची अर्धा एकर शेवंती. बाबा रोज उजाडायच्या आत सायकलला फुलांची पोती बांधून फूलबाजारात जायचे. ठरलं होतं, खंडू कायम झाला की सायकल बंद. त्यामुळे मी कारखान्यात इतका सरळ वागायचो की गेटवरचा वॉचमन एकदा म्हणाला, "अरे, कधी तरी उशिरा येत जा, मला डाऊट येतो!"

आता दुसरी बाजू. क्योमा!

क्योमा म्हणजे एका जपानी गेममधला तलवारबाज. त्याचे पाच भाग आले होते. कारखान्याच्या गेटच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, फकिराभाऊचा सायबर कॅफे. पुढे चार कॉम्प्युटर, मागे मंडपाचं गोदाम. मूळ धंदा मंडपाचा. कॅफे काढला तो पोराच्या हट्टाने, आणि पोरगा गेला पुण्याला. तिथे मी, ओझरचा दिनेश आणि लासलगावचा ज्ञानेश, असे तिघं क्योमाचे भक्त. मी कॉम्प्युटर तिथेच शिकलो, क्लास-बिस काही नाही. इंग्रजीही क्योमानेच शिकवलं. दहावीला इंग्रजीत पस्तीस, पण 'तुझा सूड घेईन' हे इंग्रजीत चार पद्धतीने म्हणू शकायचो!

तर त्या आठवड्यात वेबसाइटवर बातमी आली. क्योमाच्या सहाव्या भागाचं काम अनिश्चित काळासाठी थांबवलं आहे.

"संपला," दिनेश म्हणाला. त्याचे वडील विमानाच्या कारखान्यात, त्यामुळे हा चहाच्या कपाबद्दलही इंजिनिअरसारखा बोलायचा. "डिझाईनच बिघडलं ना! तिसऱ्या भागापर्यंत घोडा होता. चौथ्यात मोटारसायकल दिली. पाचव्यात तर मासे पकडायला बसवला! तलवारबाज माणूस, अर्धा तास गळ टाकून बसलाय तळ्याकाठी!"

"मासे एवढे काही वाईट नव्हते," मी म्हणालो.

"खंड्या, तू ना, प्रेमात आंधळा झालायस."

ज्ञानेशच्या घरी कांद्याचा व्यापार. तो हसायलाच लागला. "येड्यांनो, काही संपला-बिंपला नाही. माल दाबून धरलाय! दर वर्षी एक भाग काढला, मार्केटला माल जास्त झाला, भाव पडला. आता थांबायचं. लोक बोंबलायला लागले की काढायचा. आम्ही कांदा चाळीत ठेवून हेच करतो."

"गेम काय चाळीत सडतो काय?" दिनेश म्हणाला.

"पाचवा सडलाच होता की!"

यावर दिनेशने त्याला माऊस फेकून मारला. वायरमुळे तो परत दिनेशलाच लागला.

आम्ही कंपनीला ईमेल केले. तीन! तिन्हींना त्याच सेकंदाला उत्तर. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.' अहो, वाचला कधी?

"ईमेलने काय होत नसतं रे," फकिराभाऊ काउंटरवरून म्हणाला. "आपल्याकडे कामं कशी होतात? आधी निवेदन. नाही झालं तर उपोषण. पेपरात फोटो. की साहेब आला पळत."

"जपानचा साहेब?"

"साहेब सगळीकडे सारखाच असतो!"

हे वाक्य माझ्या डोक्यात असं बसलं! जगात क्योमाचे लाखो भक्त असतील, पण उपाशी कोण बसलंय? कुणीच नाही! एक दिवसाचं उपोषण, एक कडक फोटो, तो वेबसाइटवर टाकायचा. जपानला पाझर फुटलाच पाहिजे!

"बसतो मी," मी म्हणालो. "मंगळवारी. माझी सेकंड शिफ्ट आहे, साडेतीनला आत जायचंय. सकाळी सात ते दुपारी तीन."

"म्हणजे दोन जेवणांच्या मधलं उपोषण," दिनेश म्हणाला.

"लाक्षणिक असतं तसं!"

फकिराभाऊ खूश. कॅफेची जाहिरात होणार! "सेट आहे आपल्याकडे. बारशाचा वेगळा, लग्नाचा वेगळा, उपोषणाचा वेगळा. गादी, तक्क्या, मागे पडदा. पैसे नको. निम्म्या नाशिकने याच गादीवर उपोषण केलंय!"

मंगळवारी मी घरून पोहे खाऊन, वरून दोन केळी खाऊन, उपोषणाला बसलो.

पडदा लावल्यावर कळलं की त्याला दोन्ही बाजूंनी लाल झेंडे शिवलेलेच आहेत. मागच्या कुठल्या तरी युनियनच्या बुकिंगचे.

"उसवायला वेळ नाही," फकिराभाऊ म्हणाला. "असू दे, कलर चांगला येतो फोटोत."

ज्ञानेशने क्योमाचं चित्र काढून आणलं होतं. चित्रकलेत तो माझ्या इंग्रजीइतकाच हुशार. क्योमाचा चेहरा रागीट, मूठ वर, आणि तलवार अशी काही काढली होती की ती हुबेहूब पाना वाटत होती. खाली 'सहावा भाग मिळालाच पाहिजे' हे लिहिलं होतं, पण जागा संपल्यामुळे इतकं बारीक की वाचायला गादीवरच येऊन बसावं लागलं असतं.

आता तुम्ही रस्त्याच्या पलीकडून बघा. कारखान्याच्या गेटसमोर लाल झेंडे. पाना उगारलेला कामगार. आणि गादीवर कोण? लेथवरचा ट्रेनी, ज्याचे सहा महिने तीस तारखेला भरतायत!

मला हे सुचलं नाही. शपथ! मी फक्त फोटोत पोट आत कसं दिसेल ते बघत होतो.

साडेनऊला चहाची सुट्टी झाली आणि दत्तू पळत आला. दत्तू माझ्याच बॅचचा, पेठ तालुक्यातला. आला तो डोळ्यांत पाणीच घेऊन. "खंडू! आमच्यासाठी बसला तू? आन् सांगितलं बी नाय?"

"अरे नाही, हे क्योमासाठी..."

"कुणासाठी का आसंना! लय मोठं काळीज हाय तुझं!" आणि भोंगा वाजला. गेला पळत!

तो आत गेला आणि दहा मिनिटांत अख्ख्या कारखान्याला कळलं. कळलं म्हणजे काय, चुकीचंच कळलं. गेटजवळच्या चहावाल्या गोजरामावशी आल्या आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

"मावशी, ऐका. हे गेमसाठी आहे, गेम!"

"व्हय रे लेकरा. सहा महिने राबवून घ्यायचं आन् मंग घरी पाठवायचं, ह्यो गेमच हाय ना त्येंचा!"

अकरा वाजता जेवणाच्या सुट्टीत आमची उरलेली बॅच गेटच्या आतल्या बाजूला ओळीने येऊन बसली. डबे न उघडता! दत्तूने घोषणा दिली, "खंडू तुम आगे बढो!" मी बसलेला होतो. कुठे बढणार?

मी गादीवरून अर्धा उठलो. कारखान्यात पुढारी म्हणून नाव झालं की कायम होणं विसरा. बाबांचे गुडघे माझ्या डोळ्यांसमोर सायकल मारायला लागले.

"गुंडाळा!" मी म्हणालो. "पडदा काढा, मी चाललो!"

"फोटो कुठे काढलाय अजून?" दिनेश म्हणाला. "कॅमेऱ्याचे सेल संपलेत. आणतो पाच मिनिटांत."

त्या पाच मिनिटांत गेट उघडलं आणि पर्सोनेलचे यादव साहेब बाहेर आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. मागाहून कळलं की दोन वाजता जर्मनीचे पाहुणे कारखाना बघायला येणार होते, आणि गेटसमोर हे लाल झेंडे!

"खंडेराव," साहेब म्हणाले. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझं पूर्ण नाव! "काय मागण्या आहेत तुमच्या?"

"साहेब, तुमच्याकडे काहीच मागणी नाही!"

साहेबांनी माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. मुरलेला दिसतोय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. "बरं. पाच जणांना कायम करतो. उठा."

"साहेब, खरंच, हे तुमच्या हातातलं नाहीये."

"आठ!"

"साहेब, जपानवरून निर्णय होईल तो!"

साहेबांनी घाम पुसला. "म्हणजे बाहेरून पाठिंबा आहे तर. बारा! यापेक्षा जास्त मला जमणार नाही."

मी हात जोडून 'नको नको' म्हणणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या ज्ञानेशला काय झालं देव जाणे! लहानपणापासून लासलगावच्या लिलावात वाढलेलं पोरगं. आकडा कानावर पडला की याचं तोंड आपोआप उघडतं.

"बारा एक वार!" ज्ञानेश गादीवर उभा राहिला. "बोला साहेब, माल बघा! एकसारखा, निवडलेला! बारा दोन वार!"

"पंधरा," साहेब म्हणाले.

"पंधरा? आतला माल बघा ना साहेब, डबे न उघडता बसलाय! वाढवा!"

"अरे, सतरा!"

"ज्ञान्या, खाली बस!" मी त्याची पँट ओढली.

"सतरा एक वार..."

"एकवीस!" साहेब ओरडले. "सगळेच्या सगळे घ्या! पण दोनच्या आत हा पडदा मला इथे दिसता कामा नये!"

"दिला!" ज्ञानेश म्हणाला, आणि मग भानावर येऊन, "सॉरी साहेब," म्हणून खाली बसला.

गेटच्या आत एकच दंगा! पोरांनी दत्तूला उचललं, बहुतेक मी हाताला लागत नव्हतो म्हणून. साहेबांनी मोसंबीचा ज्यूस मागवला, स्वतःच्या हाताने मला पाजला. साडेअकराला उपोषण सुटलं. दिनेश सेल घेऊन आला तेव्हा फकिराभाऊ गादी झटकत होता. फोटो राहिलाच!

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला पडला प्रश्न. बाकीचे वीस जण खरंच त्यासाठी बसले होते, डबे बंद ठेवून. मी बसलो होतो क्योमासाठी, पोहे खाऊन. आणि वर पुढारी म्हणून शिक्का! उद्या साहेबांना खरं कळलं तर? त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं. मी कॅफेत बसून अर्ज टाईप केला, छान मार्जिन-बिर्जिन सोडून. 'महोदय, माझे उपोषण कायम होण्यासाठी नव्हते. मी आपल्या विरोधात कधीही नव्हतो व नाही. माझी मागणी व्हिडिओ गेमच्या सहाव्या भागाची होती. आपला विश्वासू.'

साडेतीनला आत शिरताना दत्तू भेटला. त्याने अर्ज वाचला. दोनदा वाचला.

"भावा, हे खिशात ठेव. पाया पडतो तुझ्या."

"नाही रे, मन हलकं होतं."

"मन हलकं करायला देवळात जा ना! हापिसात कशाला जातो?"

मी गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, मान वर केली, परत वाचला. त्यांचे खांदे हलत होते. शिक्का मारला आणि फायलीला लावला. "सरळ माणूस आहेस," म्हणाले. मी तरंगतच मशीनवर गेलो!

तीस तारखेला यादी लागली. वीस नावं. मी वरून वाचली, खालून वाचली, कागदाच्या मागेही बघितलं.

"साहेब, माझं राहिलंय बहुतेक."

यादव साहेबांनी फाईल काढली. खरं सांगतो, त्यांनाही वाईट वाटत होतं. "खंडेराव, वर मंजुरीला पाठवताना काय लिहिलं? उपोषणातल्या मागणीनुसार कायम करत आहोत. आता तुझी ती मागणीच नव्हती, असं तू स्वतः लिहून दिलंयस. सहीनिशी. वरच्यांनी ते वाचलं, माझा नाइलाज झाला."

"मग माझ्या मागणीचं काय?"

"ती जपानच्या अखत्यारीत येते."

ब्रेक घेऊन मी घरी गेलो. बाबा शेवंतीत बसले होते. मी सगळं सांगितलं, उपोषणापासून अर्जापर्यंत, काही लपवलं नाही. मला वाटलं आता फुलाच्या परडीनेच मारतात. ते फुलं खुडतच राहिले.

"वीस पोरं लागली ना पण कामाला?" मग म्हणाले.

"हो."

"तो दत्तू येऊन गेला मघाशी. रविवारी त्यांचा काहीतरी कार्यक्रम हाय, एकवीस हार सांगितलेत. विसावा दत्तूचा, एकविसावा म्हणे तुला." त्यांनी गुडघे धरत उठून सायकलची चावी माझ्या हातात दिली. "ब्रेक हाय ना तुला? मग बाजारात उद्यापासून तू जायचं."

म्हणजे बाबांची सायकल बंद झाली, ठरल्याप्रमाणे. पद्धत जरा वेगळी, एवढंच!

आणि क्योमाचा सहावा भाग? आला की! दोन वर्षांनी, गाजावाजा करून. आम्ही तिघं फकिराभाऊच्या कॅफेत सकाळपासून बसलो. घोडा नाही, मोटारसायकल नाही. क्योमाने हॉटेल काढलंय आणि तो भाजी चिरतो! दिनेश तर बघता बघता रडायलाच लागला.

पण मी सांगतो, सातवा भाग जबरदस्त येणार. अगदी लिहून देतो!

नाही. लिहून नको. तोंडीच सांगतो.