दळवीकाकांचा अक्रोडी दस्ता

दार बाहेरून सगळेच ठोठावतात. आमचे शेजारी दळवीकाका आत आल्यावर ठोठावतात. मी अंधेरीत भाड्याने राहायला आलो त्या दिवशी ते चहाला बोलवायला आले, दार लावून घेतलं आणि बोटाच्या पेराने त्यावर आतून टकटक केली. कान लावला. मग वाईट बातमी सांगावी तसे हळूच म्हणाले, "खोटां बोलता."

दार प्लायवूडचं होतं, वर सागवानासारखा दिसणारा कागद चिकटवलेला. काकांच्या जगात लाकडं दोनच प्रकारची, खरां बोलणारी आणि खोटां बोलणारी. ते मूळचे मालवणकडचे, वीज कंपनीत बिलांच्या खात्यातून निवृत्त झालेले. लाकडाशी संबंध फक्त हौसेचा, पण हौस अशी की एका साखरपुड्यात त्यांनी मुलाकडच्यांचा सोफा वाजवला आणि जरा मोठ्याने "खोटां बोलता" म्हणाले. मुलीचे वडील पांढरेफटक पडले होते.

मी लातूरकडच्या एका तालुक्याच्या गावातून आलेला, घराण्यातला पहिला पदवीधर. मुंबईत नवा असताना मला "जेवलास का रे" असं विचारणारं एकच घर होतं, दळवींचं. त्यामुळे काकांनी सांगितलेल्या कामाला मी आजवर नाही म्हटलेलं नाही.

काकांना आवाजाची भयंकर भीती. दिवाळीत ते रेडिओ घेऊन बाथरूममध्ये बसतात. आणि त्यांच्या नशिबी बायको आली ती नेमबाज. नलिनीकाकू कॉलेजात एनसीसीत होत्या तेव्हापासून रायफल चालवतात. त्यांची परवान्याची जुनी पॉइंट टू-टू रायफल क्लबच्या शस्त्रागारात असते. काका लग्नापासून त्यांना क्लबच्या फाटकापर्यंत सोडत आले आणि समोरच्या टपरीवर चहा पीत बसत आले. आत कधी गेले नाहीत.

गेल्या वर्षी काकूंच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. त्याच सुमारास रायफलचा खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता निमुळत्या मानेपाशी तडकला.

"दोघींचे सांधे एकदमच गेले," काकू म्हणाल्या. "पुरे झालं. रायफल क्लबला देऊन टाकते."

हे त्या हसत म्हणाल्या, पण नंतर कितीतरी दिवस त्यांनी नेमबाजीचं नावही काढलं नाही. एरवी गवारीची शेंग मोडतानासुद्धा त्या एक डोळा मिटायच्या. तेही बंद झालं.

शेवटी एकदा जेवताना काका म्हणाले, "आयकलंस गो? क्लबातली ज्येष्ठ बायकांची मॅच होऊ दे, मग काय ती देऊन टाक. तोपर्यंत मी नवीन दस्तो करतंय."

"तुम्ही? तुम्ही टिकलीच्या पिस्तुलाला घाबरता."

"दस्तो खंय आवाज करता?"

आमची लाकूडशोध मोहीम सुरू झाली. शिसव जड, दुखऱ्या खांद्याला नको. सागवान तेलकट. अक्रोडच हवा, असं ठरलं. जोगेश्वरीला जुन्या फर्निचरच्या बाजारात काका दुकानामागून दुकानं वाजवत निघाले. एका जेवणाच्या टेबलावर मात्र त्यांनी गालच टेकवला आणि डोळे मिटले. दुकानदार बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "चाचा, टेबल लेना है कि शादी करनी है?"

त्या टेबलाच्या जाडजूड फळ्या अक्रोडाच्या होत्या. टेबल टेम्पोतून घरी आलं. त्याच्या एका फळीचा दस्ता झाला आणि उरलेल्याचे पोळपाट. आमच्या इमारतीत आज प्रत्येकाची पोळी अक्रोडावर लाटली जाते.

माप घेण्यासाठी काकांनी काकूंना स्वयंपाकघरात गाठलं. "लाटणां खांद्याक लाव. आता गाल टेकव."

"कुणी पाहिलं तर वेड लागलं म्हणतील."

"म्हणतले तर माका म्हणतले."

मग काजळाचं काम आलं. रायफलचा लोखंडी भाग लाकडात चपखल बसावा लागतो. त्यासाठी क्लबचा परवानाधारक कारागीर लोखंडाला काजळ फासायचा आणि लाकडावर दाबायचा. जिथे काळा डाग उमटेल तिथे काका पटाशीने केसभर खरवडायचे. काजळ काकूंच्या डबीतलं. रायफल फाटकाबाहेर येणार नाही आणि काका फाटकाच्या आत जाणार नाहीत, म्हणून जुन्या साडीत गुंडाळलेला दस्ता घेऊन टपरी ते शस्त्रागार अशा फेऱ्या मी मारायचो. दर रविवारी काकांचा चेहरा काळाकुट्ट. टपरीवाला म्हणायचा, "काका, ते डोळ्यात घालायचं असतं."

दस्ता बसला. मग पॉलिश पेपर, मग ओलं फडकं, म्हणजे लाकडाची लव उभी राहते, मग पुन्हा पेपर. शेवटी जवसाचं तेल, नुसत्या तळहाताने, हात गरम होईपर्यंत चोळून. जिनाभर वास. मी म्हणालो, आमच्याकडे जवसाची चटणी करतात. काका म्हणाले, "बघ, म्हणजे आपण नातेवाईकच."

दस्ता मधासारखा चमकू लागला. मॅच चार दिवसांवर असताना काकूंनी तो क्लबात खांद्याला लावून पाहिला आणि टपरीवर येऊन शांतपणे म्हणाल्या, "लांब झालाय."

"कसा लांब? तुझ्याच मापाचो आसा."

"माप साडीवर घेतलंत. मी नेम धरताना जाड जॅकेट घालते हो. पहिल्यापासून घालते."

काका म्हणाले, "माका काय ठाऊक? मी खंय बघितलंय?"

चहा तसाच निवला. घरी आल्यावर त्यांनी करवत काढली आणि त्या चमकत्या दस्त्याची मागची चकती कापून टाकली. कापताना चेहरा असा, जणू स्वतःचंच बोट कापताहेत. ती चकती आज माझ्या ऑफिसच्या टेबलावर आहे.

मॅचच्या दिवशी मी सवयीने टपरीकडे वळलो. काका वळले नाहीत. त्यांनी खिशातून कापूस काढला, कानांत कोंबला, वर बोटं घातली आणि काकूंच्या मागोमाग फाटकातून आत गेले.

प्रेक्षकांना काचेमागे बसवतात, आवाज बेताचाच येतो. तरी काकू पोटावर झोपून नेम धरू लागल्या आणि काकांना घाम फुटला. प्रत्येक बार झाला की ते डोळे मिटायचे आणि कोपराने मला ढोसायचे, "लागली?"

लागत होती. पडद्यावर ठिपके मधल्या गोलात गर्दी करत होते. खांदा हलत नव्हता.

शेवटची गोळी उरली तेव्हा काकांनी बोटं काढली. कापूस काढून खिशात ठेवला. बार झाला. ते दचकले, पण डोळे उघडे होते.

गोळी मधोमध लागली आणि काकू पहिल्या आल्या.

रायफल शस्त्रागारात देऊन, पदक घालून, जॅकेटसकट त्या बाहेर आल्या. काकांच्या कानांकडे पाहत राहिल्या. "कापूस कुठाय?"

"खिशात."

"मग? कसा वाटला तुमचा दस्ता?"

काकांनी काकूंच्या ऑपरेशनच्या खांद्यावर, त्या जाड जॅकेटवर, पेराने अगदी हलकेच टकटक केली, आणि कान जवळ नेला.

"खरां बोलता," ते म्हणाले.