आधार काय, मोकाशी?

पनवेलच्या एस.टी. स्टँडवर, भर गर्दीत, आमचे शेजारी कर्णिककाका पलीकडच्या फलाटावरच्या मोकाशी सरांना ओरडून विचारायचे, "मोकाशी, तुमच्या गुप्तरोगाला आधार काय?" सर बिचारे मिळेल त्या गाडीत चढायचे, मग ती उरणची असो नाहीतर पेणची.

खुलासा करतो. नव्वदच्या सुमारास इथल्या एका वाचनालयाने घरगुती माहितीचा कोश काढायला घेतला होता. चारचौघांत ज्यांचं नाव काढत नाहीत असे सगळे विषय काकांनी मागून घेतले: मूळव्याध, पाळी, शिव्या, संततिनियमन. मोकाशी सर नोंदी लिहायचे, काका तपासायचे, आणि अक्षर बरं म्हणून सुवाच्य प्रत मी करायचो. काकांचे नियम दोनच. छापील आधाराशिवाय विधान नाही आणि विशेषण दिसलं की कापायचं. "कोश आहे हा, कीर्तन नव्हे!" सरांनी पाळीला 'अपवित्र' म्हटलं, तर काका म्हणाले, "कोणी तपासलं? कुठे छापलंय?" माझ्या लग्नपत्रिकेतलं 'चिरंजीव'सुद्धा त्यांनी पुराव्याअभावी खोडलं होतं.

काकूंना मूल नव्हतं. बिल्डिंगमधल्या डोहाळजेवणांचं आमंत्रण त्यांना कधी नसायचं. लाडू मात्र त्यांच्याकडूनच वळून घ्यायचे.

मग 'वंध्यत्व' आलं. काकांच्या घरी बसून सरांनी नोंद वाचली, "हा स्त्रीचा दोष होय."

"आधार काय?"

सर वैतागले. "अहो, जगजाहीर गोष्टीला आधार कसला मागता? दोष असलेला एक तरी पुरुष दाखवा मला!"

"हा काय, समोर बसलाय," काका म्हणाले. "तपासणी झालीय माझी. हिच्यात काही नव्हतं. मला लाज वाटायची, म्हणून हिने सगळ्यांचं ऐकून घेतलं. सासरचं, माहेरचं, या बिल्डिंगचं."

चहाचा ट्रे घेऊन काकू दारातच थबकल्या होत्या.

"हे तोंडी आहे, छापायचं नाही," काकांनी मला बजावलं. "डॉक्टरी पुस्तक मिळवतो, मग स्त्री-पुरुष दोघांचं लिहू. पण ही बाई थोर आहे हो."

विशेषण! पण कापायचं माझ्या मनातही आलं नाही.

"थोर?" काकूंनी दारातूनच विचारलं. "आधार काय?"

काका उठले आणि माझ्यादेखत पहिल्यांदाच त्यांनी काकूंच्या हातातला ट्रे घेतला.