हरवलेली चकती आणि सापडलेलं टेंगूळ

मी बोनिफाच क्रुपा. नाव ऐकूनच गावातले चोर चळाचळा कापतात. गावात चोरच नाहीत, तो त्याचाच परिणाम. नजर घारीची, नाक शिकारी कुत्र्याचं, आणि पोट, बायकोच्या मते, भलत्याच प्राण्याचं. बर्फावरच्या हॉकीच्या स्टेडियमवर मी तिकिटं फाडतो, पण ते वेशांतर आहे. एकोणतीस वर्षं वेशांतर टिकवणं म्हणजे खायचं काम नाही महाराजा!

त्या शनिवारी आमच्या राडोवानचा शेवटचा सामना होता. स्लोव्हाकियाच्या सर्वांत वरच्या लीगमध्ये एकोणीस वर्षं खेळून, पुढचे चार दात बर्फाला वाहून गडी निवृत्त होत होता. सत्कारात मांडायला त्याच्या आईने, हर्मीनाकाकूंनी, त्याच्या पहिल्या गोलची काळी रबरी चकती आणून दिली होती. रोज पुसून पुसून वरचं क्लबचं चित्र केव्हाच गेलेलं. खालच्या बाजूला काकूंच्या नवऱ्याने खिळ्याने कोरलेली तारीख तेवढी शिल्लक. दुपारी चकती काचपेटीत ठेवली आणि चार वाजता पेटी रिकामी!

"सत्कार गेला खड्ड्यात," काकू म्हणाल्या. "ह्यांच्या हातचं एवढंच अक्षर उरलंय रे माझ्यापाशी. शोध, बोनिफाच."

मी लगेच सहायकाला हाक मारली. गेझा बर्फ सपाट करायची गाडी चालवतो. बायकोचा भाऊ असल्यामुळे त्याला हाकलता येत नाही.

पेटीची काच लख्ख होती. "ठसे पुसलेत!" मी गरजलो. "सराईत टोळी!"

"व्हिनेगरचा वास येतोय, दाजी."

"म्हणजे विषप्रयोगही!"

पहिला संशय पाहुण्या संघाच्या गोलरक्षकावर, कारण तो हसत होता. चौकशीअंती तो माझ्याकडे बघून हसत होता असं निघालं. दुसरा संशय खुद्द राडोवानवर. चकती नाही तर सत्कार नाही, सत्कार नाही तर निवृत्ती नाही!

"काका, माझ्या गुडघ्यात दोन स्क्रू आहेत," राडोवान म्हणाला. "मला घरी जाऊ द्या हो."

उरला बुफेवाला डेझो. त्याचं सॉसेज काळं, गोल आणि चावता चावेना. मी पुराव्याचे चार तुकडे खाल्ले. तहान लागली म्हणून त्याचा फ्रीजर उघडला, तर सामन्याच्या चकत्यांची बादली बिअरच्या आड. चकत्या गोठवलेल्याच लागतात, नाहीतर बर्फावर बेडकासारख्या उड्या मारतात. बादली उचलून मीच पंचांकडे पोचवली. थोर माणसं हलकी कामं टाळत नाहीत.

सामना संपत आला तरी तपास जिथल्या तिथे. काकूंशेजारी मी मान खाली घालून बसलो होतो. मान वर केली आणि राडोवानने फटका हाणला. चकती गोलच्या दांड्याला थडकून मैदानाभोवतीच्या काचेवरून उडाली ती थेट माझ्या कपाळावर. सगळं स्टेडियम उभं राहून टाळ्या वाजवत होतं.

चकती काकूंच्या मांडीवर पडली. त्यांचा अंगठा खालच्या बाजूवरून फिरला आणि थांबला.

"अरे, ही आमचीच!"

"अगंबाई, ती पेटीतली होय?" जिन्यावर झाडू मारणारी तेर्कामावशी ओरडली. "व्हिनेगरने काच पुसायला पेटी उघडली, तर आत चकती. आणि चक्क कोमट! म्हटलं, कोण हा विसरभोळा? दिली फ्रीजरमधल्या बादलीत टाकून."

मीही याच निष्कर्षाच्या अगदी जवळ आलो होतो.

"पण प्रेक्षकांत आलेली चकती ज्याला लागते त्याची," गेझा पुटपुटला. "रीत आहे, दाजी."

रीत खरी होती. एकोणतीस वर्षं एका चकतीसाठी मी जीव टाकत होतो. काकूंनी ती पुढे केली, पण बोटं सुटत नव्हती.

"काकू," मी म्हणालो, "मुद्देमाल मालकाला परत करायची माझी पद्धत आहे."

काकूंचे डोळे भरले. त्यांनी चकती माझ्या टेंगळावर दाबून धरली. "अजून गार आहे. सूज उतरेपर्यंत तुझी हो."

सूज मी फार सावकाश उतरू दिली.