जियाईच्या भलत्या मांडवात

"एका दिवसात जियाई शहर तुझ्या हृदयात उतरवलं नाही, तर नावाचा योंगचिन नाही!" अशी घनघोर प्रतिज्ञा लियाओ योंगचिन याने तायपेईच्या स्थानकावर, गाडी सुटण्यापूर्वीच केली.

त्याची धर्मपत्नी शूह्वेई हिने जांभई दिली. "आधी पोटात काय उतरतंय ते बघू."

प्रतिज्ञेस कारणही तसेच गंभीर होते. योंगचिनच्या विमा कंपनीने त्याला जियाईच्या शाखेचे प्रमुखपद देऊ केले होते. बारा वर्षे साहेबांची बोलणी खाल्लेल्या मनुष्यास स्वतः साहेब होण्याची संधी म्हणजे वाळवंटातील उंटास सापडलेले तळेच! परंतु शूह्वेई तायपेई सोडण्यास राजी नव्हती.

"जियाईला लोक फक्त गाडी बदलायला उतरतात," ती म्हणे. "गाडी बदलायची आणि डोंगरावर जायचं. अशा गावात संसार मांडायचा?"

अखेर तह झाला. दोघांनी एक दिवस ते शहर पाहावे. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी शूह्वेईने हो किंवा नाही सांगावे. नाही म्हटल्यास योंगचिनने तो विषय जन्मात काढू नये.

दैव मात्र प्रथमपासूनच वाकड्यात शिरले. टर्कीच्या मांसाचा भात हा त्या शहराचा प्राण. योंगचिनने हेरून ठेवलेले दुकान नेमके त्या दिवशी बंद होते. त्याने वाटेवरच्या तीन गृहस्थांना दुसरे उत्तम दुकान विचारले. तिघांनी तीन दुकाने सांगितली आणि तिघांची आपसांत अशी जुंपली, की विचारणारा बाजूलाच राहिला.

"आतापर्यंत मी चौकातलं एक कारंजं, एक बंद दुकान आणि एक भांडण पाहिलं," शूह्वेई म्हणाली. "हृदयात काय काय उतरवू?"

इतक्यात शेजारच्या गल्लीतून फटाक्यांची माळ कडाडली! योंगचिनची मुद्रा एकाएकी ज्ञानाने उजळली. गल्लीत रस्ता अडवून लाल-निळ्या पट्ट्यांचा मांडव पडला होता. गोल टेबलांवर लाल कापडे अंथरली होती आणि रस्त्याच्या कडेलाच आचारी मोठमोठ्या टोपांतून वाफा उडवीत होते.

"देवळाचा उत्सव!" तो म्हणाला. "अगं, दक्षिणेत उत्सवाला वाटसरूलासुद्धा ओढून जेवायला बसवतात. न बसणं म्हणजे अपमान!"

"आणि देव कुठे आहे?"

"देव मागे असतो. पुढे जेवण असतं."

छातीवर लाल फूल लावलेला एक इसम लगबगीने पुढे आला. "तायपेईचे ना?"

"तायपेईचेच!" योंगचिन अभिमानाने उत्तरला.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो. पुढे बसा, अगदी पुढे!"

"बघितलंस?" योंगचिन पत्नीच्या कानी लागला. "याला म्हणतात शहर! तायपेईत कुणी ओळख दाखवतं का?"

त्यांना थेट पहिल्या टेबलावर, मोत्यांची माळ घातलेल्या एका भारदस्त बाईंच्या शेजारी स्थानापन्न करण्यात आले. बाईंनी नम्रपणे मान लवविली. योंगचिननेही लवविली. थंड मांसाची ताटली आली, कोळंबी आली, खेकडा घातलेला चिकट भात आला! योंगचिन दुष्काळातून सुटलेल्या हत्तीसारखा जेवू लागला.

समोर गुलाबी, चमचमत्या झग्यात एक तरुणी लाजून बसली होती आणि तिच्याजवळ नवा कोट घातलेला एक तरुण.

"ती गाणारी," योंगचिनने निदान केले. "उत्सवाला असतातच. तो तिचा वाजवणारा." आणि शूह्वेई अडवील तोच तो मोठ्याने ओरडला, "ताई, एक गाणं होऊन जाऊ द्या!"

तरुणीने घाबरून आपल्या वडिलांकडे पाहिले. वडिलांनी मोत्यांच्या बाईंकडे पाहिले. बाईंनी वडिलांकडे पाहिले. दोघांनीही एकमेकांस मान डोलावून संमती दिली. बिचारी उठली आणि रडवेल्या स्वरात शाळेतले एक गाणे म्हणून मोकळी झाली.

"आवाज बेताचाच," योंगचिन बाईंना म्हणाला, "पण मेहनती आहे. हिला दर वर्षी आणता का?"

बाईंना सूप पिता पिता ठसका लागला.

"योंगचिन," शूह्वेई कुजबुजली, "काहीतरी घोळ आहे. मागची बाई मला विचारतेय, मुलगी पसंत पडली का म्हणून. कुठली मुलगी?"

"गाणारी! पसंत आहे म्हणून सांग. आपल्या बापाचं काय जातंय?"

मासा संपला. शेवटचा गोड पदार्थ अद्याप यावयाचा होता. तोच मोत्यांच्या बाई उठल्या. त्यांच्यामागे कोटवाला तरुण उठला आणि त्यांची सारी माणसे उठली. कोणी कोणाशी अवाक्षर बोलेना. खाली माना घालून, चोरांच्या वरातीसारखी ती मंडळी बाहेर पडू लागली; आणि यजमान भिंतीकडे तोंडे करून स्वस्थ बसले!

योंगचिनच्या सभ्यतेस हे साहवेना. "जेवले आणि निघाले? साधा निरोपही नाही?" तो स्टुलावर चढला आणि दोन्ही हात उंचावून गर्जला, "मंडळी, पुन्हा या हं! पुन्हा असाच मांडव पडू दे! पुन्हा हीच मुलगी नटून बसू दे!"

एका वेळी इतक्या जेवणाच्या काड्या हातांतून गळून पडलेल्या त्या गल्लीने कधी ऐकल्या नसतील. गुलाबी झग्यातली मुलगी हुंदके देऊ लागली. मोत्यांच्या बाई दारातच मटकन खाली बसल्या.

"अरे मेल्या!" मुलीची आजी काठी आपटीत आली. "साखरपुड्याला मुलाकडचे न बोलता जातात, एवढंही कळत नाही? निरोप घेतला तर पुन्हा यावं लागतं! म्हणजे हे मोडतं आणि पोरीला दुसऱ्यांदा बसावं लागतं!"

"साखरपुडा?" योंगचिन स्टुलावरूनच म्हणाला. "मग देव कुठे आहे?"

मुलीचे वडील मोत्यांच्या बाईंवर, म्हणजे मुलाच्या आईवर, कडाडले. "तुमच्या तायपेईच्या माणसाला आवरा हो!"

"आमचा? आम्ही तुमचा समजून गप्प बसलो!"

साऱ्या मांडवाच्या नजरा योंगचिनवर खिळल्या. तो खाली उतरला आणि बदली, तह, बंद दुकान असे सर्व भडाभडा ओकला. सुनेला गायला लावले म्हणून एकीकडून शिव्या, मुलीच्या डोक्यावर अपशकुन ठेवला म्हणून दुसरीकडून. कोणत्या बाजूस वाकून क्षमा मागावी हे न समजून तो भोवऱ्यासारखा गरगर फिरत राहिला.

आजीने काठी उंचावली. सर्व चूप झाले.

"पुन्हा या म्हणालास ना? मग आत्ताच पुन्हा येऊ देत. ते 'पुन्हा' इथंच वापरून संपवायचं!"

तोड अशी होती, की एखाद्या वकिलानेही हात जोडावेत. मुलाकडची मंडळी गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. पुन्हा फटाके उडाले, पुन्हा चहा दिला, पुन्हा अंगठी चढली. पुन्हा निघण्याची वेळ येताच आजीने कोंबडीची अख्खी तंगडी योंगचिनच्या तोंडात कोंबली आणि दोन धट्ट्याकट्ट्या मामांनी त्याचे खांदे दाबून धरले. मंडळी निर्विघ्नपणे निःशब्द निघून गेली. मुलगी रडता रडता हसू लागली.

आजीने शूह्वेईच्या पानात आणखी एक मासा वाढला. "पोरी, असल्या येड्याबरोबर राहतेस कशी? आणि आमच्या गावात काय कमी आहे गं, नको म्हणायला?"

सारा मांडव कान टवकारून बसला. तंगडी तोंडात असल्यामुळे योंगचिनला बोलता येईना. त्याने डोळे मिटले. साहेबाची खुर्ची डोळ्यांसमोरून तरंगत गेली.

"तायपेईत आम्ही आठ वर्षं राहतो," शूह्वेई म्हणाली. "शेजारच्यांना आमचं नाव ठाऊक नाही. इथे यानं तुमचा साखरपुडा मोडत आणला, तर तुम्ही शिव्या घातल्यात आणि वर वाढलंत. मी येते आजी. नक्की येते!"

टाळ्या पडल्या. योंगचिनने तंगडी काढून आनंदाने उडी मारली.

"मग घर बघायला कशाला हिंडता?" आजी म्हणाली. "आमचाच वरचा मजला रिकामा आहे. खाली मी असते, समोर पोरीचे मामा. याच्या तोंडावर चोवीस तास लक्ष राहील!"

"आजपासूनच आमचं ठरलं!" शूह्वेईने आजीचे दोन्ही हात धरले.

संध्याकाळच्या गाडीत बसताच योंगचिनने घसा खाकरला. मग तायपेई हे राहण्यास किती सोयीचे, तेथे कोणी कोणास ओळखत नाही हे केवढे सुख, आणि साहेबांची बोलणी खाण्यातही एक प्रकारची शांती कशी असते, हे तो पत्नीस कळकळीने पटवू लागला. शूह्वेई ऐकत नव्हती. आजीच्या वरच्या मजल्याला पडदे किती लागतील, ते ती बोटांवर मोजत होती.