पोटात श्वास, अक्षरं चार

शब्दाला एकच अर्थ असावा, ही सुव्यवस्थित समाजाची पहिली गरज आहे. दोन अर्थ निघाले की कुजबुज सुरू होते आणि तीन निघाले की समिती नेमावी लागते. रत्नागिरीत या गरजेकडे बरीच वर्षं दुर्लक्ष झालं. त्याला जबाबदार मासूमा सोलकर.

मासूमाबाईंनी हायस्कुलात मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर त्या इथल्या एका दैनिकासाठी रविवारचं शब्दकोडं करू लागल्या. वास्तविक 'सूर्य (२)' असं विचारून 'रवी' असं उत्तर घेतलं की कोड्याचं काम भागतं. बाईंचं भागत नसे. त्या लिहीत, 'भाव विचारलास ना? मग हा घे आणि डोळे पूस (३)'. उत्तर, हापूस. किंवा, 'आधी साहेब, मागून त्यांची गाडी (४)'. उत्तर, सरकार. अशा सूचनांवर लोक ऑफिसात बसून डोकं खाजवत. (हे कार्यालयीन वेळेतच होत असल्याने कामाचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही.)

खरं तर बाई कोडं करत ते एका वाचकासाठी. त्यांचे पती तहा संसाराची बहुतेक वर्षं कुवेतला जहाजांवर होते. कायमचे मांडवीच्या घरी परतले, तेव्हा समोरासमोर बसल्यावर बोलायचं काय, हे दोघांनाही सुचेना. फोनवर तब्येत विचारून झाली की पैसे वाचवायला फोन ठेवायचा, एवढीच सवय होती. मग रविवार आला. तहा पेन्सिल घेऊन पडवीत बसले, सूचनेला अडले आणि आत हाक मारली, "मासूमा, सात आडवा. जरा मदत कर गो."

"अजिबात नाही."

"पहिलं अक्षर तरी?"

"माशाचं कालवण करायला जमतं, तर हे पण जमेल."

तेव्हापासून त्यांचे रविवार बोलण्यात जाऊ लागले आणि हळूहळू बाकीचे वारही.

अशा वातावरणात एका रविवारी पुढील सूचना प्रसिद्ध झाली: 'पोटात श्वास असतो, तरी जिवंत नसतं (४)'.

सोमवारी शिवाभाऊ कार्यकर्ते घेऊन दैनिकाच्या कचेरीत आले. शिवाभाऊ हातखंब्याकडचे पुढारी. नळयोजना या विषयावर त्यांचा मोठा अधिकार होता. कित्येक निवडणुका ते तिच्यावर बोलत होते. त्यांनी संपादक संदेशपुढे पेपर टाकला.

"ह्ये माज्यावर हाय."

"कशावरून, भाऊ?"

"अक्षरं मोज. शि, वा, भा, ऊ. किती झाली?"

संदेश प्रामाणिक संपादक होता. त्याने मोजली. चारच भरली.

"पण भाऊ, वरून उतरणाऱ्या शब्दामुळे तिसऱ्या घरात 'स' येतोय. तुमच्यात 'भा' आहे."

"म्हंजे नावात खाडाखोड पन केलीत!"

त्याच आठवड्यात 'शब्दकोडे सौजन्य समिती' स्थापन झाली. अध्यक्षपद शिवाभाऊंकडे आलं, कारण दुखावलं जाण्याचा अनुभव असलेला दुसरा सदस्य मिळेना. समितीचं काम वाखाणण्यासारखं होतं. कोणत्याही शब्दाला उलटं करू नये, असं तिने ठरवलं. ('सदा' उलटा केला की 'दास' होतो. सदा नावाचे तीन मतदार नाराज होते.) शब्द मधोमध फोडू नये, कारण 'विकास' फोडल्यावर 'विका' बाहेर पडतं. काळे चौकोन निषेधासारखे दिसतात, सबब ते पांढरे करावेत. 'उभे' शब्द आचारसंहितेच्या काळात बंद. आणि सर्वांत महत्त्वाचं, सूचना वाचून वाचकाच्या मनात उत्तराखेरीज काहीही येता कामा नये.

हे सांगायला संदेश बाईंच्या घरी गेला.

"बाई, सूचना थोड्या सोप्या करा. म्हणजे, उत्तर सूचनेतच लिहा."

"मग कोडं कुठे राहिलं रे?"

"चौकोन आहेत ना."

संदेश शाळेत बाईंच्याच वर्गात होता, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. "मग चौकोन तूच आख," एवढंच म्हणाल्या.

नवं कोडं प्रसिद्ध झालं. 'रत्नागिरीचा हापूस आंबा, हापूस (३)'. अचूक उत्तरांचं प्रमाण एकदम शंभर टक्क्यांवर गेलं. पुढच्या रविवारी ते एकशे सहा झालं, कारण पेपर न घेणाऱ्यांचीही उत्तरं आली. विजेत्यांचा सत्कार झाला. सगळा जिल्हा विजेता असल्याने टाळ्या वाजवायला मात्र कोणी उरलं नाही.

तहांनीही नवं कोडं सोडवलं. चहा निवायच्या आत. मग पेपरची घडी करून समुद्राकडे बघत बसले. बाईंनी दोनदा बाहेर डोकावून पाहिलं. त्या दिवशी घरात "जेवायला वाढू?" आणि "वाढ" एवढंच बोलणं झालं. छापलेलं नाव गेल्याचं बाईंना काही वाटलं नव्हतं. पण घरात पुन्हा कुवेत आलं होतं.

पुढच्या रविवारी त्या पहाटेच उठल्या, खडू घेतला आणि पडवीच्या लादीवर चौकोन आखले. तहा दात घासत बाहेर आले ते तसेच खाली बसले. "मासूमा, ह्या गुडघ्यांनी पाच उभा सोडवू कसा?" म्हणाले आणि बाईंना इतकं हसू आलं की दूध उतू गेलं. मासळीची टोपली घेऊन आलेली सोनूबाई तिथेच थबकली. "बाय, ह्या चवथ्या घरात काय?" दुपारपर्यंत पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. निम्मे सौजन्य समितीचे सदस्य होते. (पाहणीसाठी आले होते. पाहणी संध्याकाळपर्यंत चालली.)

मग एका दुपारी, गल्ली झोपलेली असताना, शिवाभाऊ एकटेच आले. चप्पल काढून उभे राहिले.

"बाई, एक इचारायचं व्हतं. त्या कोड्याचं उत्तर काय व्हतं वो?"

"तुम्हाला माहीत नाही?"

"कोनी सांगतच नाय. कार्यकर्त्यांना इचारलं तर खाली बघतात. झोप लागत नाय."

"आश्वासन," बाई म्हणाल्या. "आ आणि न, मध्ये श्वास."

शिवाभाऊंनी बोटांवर अक्षरं मोजली. पुन्हा मोजली. मग त्यांचा चेहरा उजळला.

"आश्वासन! आवो, मग माजा काय संबंध त्याच्याशी? उगाच येवढा त्रास झाला!" ते कठड्यावर बसले, पाणी मागून प्यायले. "बाई, तुमचं कोडं परत सुरू करतो. पुढच्याच रविवारी. शब्द देतो."

"किती अक्षरी?" तहांनी विचारलं.

कोडं अजून पडवीतच आहे. पेपरातलंही चालू आहे आणि लोक दोन्हीकडे जातात. एकीकडे सोडवायला, दुसरीकडे जिंकायला.

ही हकिगत छापण्यापूर्वी नियमानुसार समितीला दाखवली. मला वाटलं होतं, हरकत येईल. पण सर्व सदस्य वाचताना मनापासून हसले आणि एकमताने मंजुरी दिली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं आहे, 'वाचकांच्या भावना दुखावण्याचा धोका नाही. असं काही वाचताना प्रत्येक जण शेजाऱ्याला आठवूनच हसतो.'

तुम्हाला कोण आठवलं, ते कळवायची गरज नाही. त्याने तुमचं नाव आधीच कळवलं आहे.