छातीवरचे बाबा

मी माझ्या बायकोला, लोरेदानाला, एवढंच म्हणालो होतो, की रविवारी घाटमाथ्यावर येशील तेव्हा एक वर्तमानपत्र घेऊन ये. यात कुणाचं काय बिघडणार होतं? पण आमच्या घरात साधी गोष्ट साधी राहिली, तर शेजारी काळजीने चौकशीला येतात.

वर्तमानपत्राचं असं आहे. सायकलवर घाट चढताना माणूस घामाने निथळतो, आणि उताराला लागला की तोच घाम हाडं गोठवतो. म्हणून माथ्यावर कुणाकडून तरी वर्तमानपत्र घ्यायचं, जर्सीच्या आत छातीशी सरकवायचं आणि खाली सुटायचं. हल्ली त्यासाठी महागडी जाकिटं मिळतात. (माझ्याकडे दोन आहेत. लोरेदानाला एकच माहीत आहे.) पण क्लबाच्या शर्यतीत मला वर्तमानपत्रच लागायचं, कारण ते बाबा द्यायचे.

द्यायचे म्हणजे हातात नाही. माथ्यावरच्या एका धोंड्यापाशी ते उभे असायचे. मी धापा टाकत पोचलो की स्वतः कागद आत सरकवायचे, जर्सीची चेन गळ्यापर्यंत ओढायचे आणि छातीवर दोनदा थोपटायचे. म्हणायचे, "जा आता. आणि ब्रेक जपून वापर, नवे आहेत."

मी पाणीपट्टी खात्यातला चोपन्न वर्षांचा कारकून. शर्यत जिंकायचं स्वप्न मी लग्नाआधीच सोडलं होतं. (लोरेदाना म्हणते, तिनेही बरंच काही तेव्हाच सोडलं.) तरी बाबा माझा सराव असा घ्यायचे, की जणू सगळी इटली माझ्यावर डोळे लावून बसली आहे. मी पुढे सायकलवर आणि ते मागे गवत वाहायच्या तीनचाकीत, खिडकीतून डोकं बाहेर काढून. "अरे, त्या गोगलगायीला पुढे जाऊ दे, तिला घाई दिसतेय." हे सगळ्या खोऱ्याला ऐकू जायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण पाय पळायचे.

फेब्रुवारीत बाबा गेले. त्यानंतर मी एकटाच सरावाला जायचो. रस्ता तोच, वळणं तीच, पण शिव्या खाल्ल्याशिवाय पाय हलेनात. प्रत्येक वळणावर मी मागे बघायचो. मागे रस्ता रिकामा असायचा आणि मला फार एकटं वाटायचं.

आमच्या शर्यतीत चर्चमध्ये दुपारची घंटा झाली की माथ्यावर दोरी बांधतात. त्यानंतर येणाऱ्यांना मागून येणारी गाडी सायकलीसकट उचलते. त्या गाडीला खराखुरा झाडू बांधलेला असतो, म्हणजे अपमानात काही कमी राहायला नको. दरवर्षी बाबांच्या डोळ्यांदेखत मी घंटेआधी कसाबसा निसटलो होतो. त्यांच्यामागे पहिल्याच वर्षी मला झाडूच्या गाडीत बसायचं नव्हतं. यंदा माझं मागणं तेवढंच होतं. त्यासाठी मी महिनोन्महिने पास्ता तोलून खाल्ला आणि लोरेदानाच्या रेझरने पाय गुळगुळीत केले. (तिला ते पास्त्यापेक्षा जास्त झोंबलं.)

रविवारी शेवटच्या वळणावर होतो तेव्हाच घंटा सुरू झाली. दोरी धरून जिल्दो उभा होता. जिल्दो नियमाचा इतका पक्का, की सख्ख्या भावालाही त्याने झाडूच्या गाडीत बसवलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधत बसला. त्याच्या पायात रबरी गमबूट होते.

मी पार झालो. बाबांच्या धोंड्यापाशी लोरेदाना वर्तमानपत्र लांब धरून उभी होती.

"आत घाल," मी कसाबसा म्हणालो.

"आत कुठे?"

"छातीशी."

"एवढ्या लोकांत?"

तिने कागद कोंबला, चेन ओढली (माझे चार केसही ओढले), आणि छातीवर दोनदा थोपटलं. ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मग पावसाची भुरभुर सुरू झाली आणि अख्खा उतार मी रडत उतरलो.

घरी येऊन जर्सी काढली तर आत कागदाचा लगदा झालेला. एका तुकड्यावर काळी चौकट दिसली.

"हे कुठून आणलंस?"

"तुझ्या जर्सीच्या खणातून. बाबा गेल्यापासून घरात पेपर येतो कुठे? घडी करून ठेवला होतास, मला वाटलं तयारी केलीस."

तो फेब्रुवारीतला अंक होता. त्यात बाबांच्या निधनाची बातमी होती, फोटोसकट. असली वस्तू घरात कुठे ठेवतात ते मला सुचलं नव्हतं, म्हणून जर्सींच्या खाली ठेवली होती. मी तोंड उघडणार, एवढ्यात लोरेदानाने माझ्या छातीकडे बोट दाखवलं.

"तित्सियानो, आरशात बघ."

घामाने शाई अंगावर उतरली होती. आरशात बाबा दिसत होते, कपाळाला आठी घातलेले, बरोबर त्यांच्या थोपटायच्या जागी. त्यांच्या खाली माझ्या पोटावर ठळक अक्षरांत शेजारची जाहिरातही उमटली होती: जुने ट्रॅक्टर विकत घेऊ, बंद पडलेले असले तरी. आम्ही दोघं आधी हसलो आणि मग बराच वेळ रडलो.

दुसऱ्या दिवसापासून मी आंघोळ बंद केली आणि सायकलही. घाम आला असता तर बाबा पुसले गेले असते. ऑफिसात माझ्या टेबलाशेजारची खिडकी उघडी राहू लागली. लोरेदाना म्हणाली, तोच अंक मागवून आणते. मी म्हणालो, कागदावरचे बाबा मला नकोत.

शेवटी तिचा धीर सुटला. "त्यांनी तुला असं बसलेलं पाहिलं असतं ना, तर तीनचाकीखाली घातलं असतं."

हे खरं होतं. मी सायकल काढली. पहिल्या चढाला दम लागला आणि सवयीने मागे पाहिलं. मागून तीनचाकी आचके देत येत होती. लोरेदानाला तिचे गिअर कधीच कळले नाहीत. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अरे, त्या गोगलगायीला पुढे जाऊ दे."

मी माथ्यापर्यंत थांबलो नाही. घाम गळ्यावरून छातीवर उतरत होता, ते मला कळत होतं. घरी येऊन आरशासमोर उभा राहिलो तेव्हा छाती स्वच्छ होती. बाबा गेले होते, आणि या वेळी मी त्यांना नीट पोचवलं होतं.

जाहिरात मात्र पोटावर अजून तशीच आहे. परवा लोरेदानाने तिथला नंबर आरशात वाचून फोन लावला. पलीकडच्या माणसाने वय विचारलं, चढावर कसा चालतो ते विचारलं, आणि नको म्हणाला.