आकडा चुकला!

"घरात जावई असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला?" किशोरने फोनवर असं ठणकावलं आणि पल्लवीच्या साखरपुड्याचे फोटो त्याच्या गळ्यात पडले. पल्लवी त्याची मेव्हणी. सासूबाईंनी एकच बजावलं, "अंगठी एकदाच घालायची. काढून परत घालणं अपशकुन! फोटो चुकायला नको."

"चुकेल कसा!"

साल २००७. किशोरने नवाकोरा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि त्यावर नाशिकच्या जुन्या बाजारातली, वरवंट्याएवढी जड लेन्स चढवली होती. "हिच्यापुढं कॅमेऱ्यातलं उजेडाचं मीटर बंद पडतं," तो बायकोला, योगिनीला, कौतुकानं सांगे. "रिंगवरचा आकडा आपण फिरवायचा. उन्हात मोठा, घरात लहान. अंदाज लागतो, अंदाज!"

"भाजीत मीठ घालताना कुठं जातो हा अंदाज?" योगिनी म्हणाली.

समारंभ इगतपुरीजवळ सासरे गोटीराम यांच्या घरी होता. सकाळी अंगणात किशोरने आकडा अकरावर ठेवला. फोटो झकास! स्वारी खुशीत आली.

गोटीराम मात्र घामाघूम. घरातलं विजेचं मीटर महिन्यापूर्वी जळालं होतं, म्हणून त्यांनी दारातल्या खांबावर आकडा टाकून घरात हॅलोजन लावले होते. आणि नवऱ्या मुलाचे, मनोजचे, वडील खंडेराव कोण? पेठचे वायरमन! गोटीराम सकाळपासून त्यांना खांबाकडं पाठ करून बसवत होते.

दुपारचा मुहूर्त जवळ आला. आत माणसं दाटीवाटीनं बसली. किशोरने चाचणीचा फोटो काढला. काळाकुट्ट!

"अरेच्चा! मीटर बंद, त्यात आकडा चुकीचा टाकलाय!" तो ओरडला.

गोटीराम सरबत तिथंच ठेवून धावत आले. "जावईबापू, हळू बोला!"

"हळू काय मामा! सगळा घोळ आकड्याचाच आहे!"

खंडेरावांनी कान टवकारले. "कसला आकडा, इवाई?"

"कायबी नाय! मटक्याचा!" गोटीराम भलतंच बोलून बसले.

व्याह्यांच्या भुवया टोपीला टेकल्या. तेवढ्यात किशोर गरजला, "थांबा! हा आकडा मी आत्ताच बदलतो!"

जावई खांबाला हात घालण्याआधी आपणच आटपलेलं बरं, असं मनाशी म्हणत गोटीराम मागच्या दारानं पळाले. इकडं किशोरने रिंग दोनवर आणली. फोटो सुरेख! "जमलं! एक्स्पोजर जमलं!" तो आनंदानं उडालाच. त्याच क्षणी घरात अंधार!

खंडेराव सवयीनं बाहेर धावले. समोर गोटीराम उभे, एका हातात बांबू, दुसऱ्या हातात वायर.

"इवाई, म्हंजे... त्याचं काय हाय..."

"असा आकडा टाकत्यात व्हय? वाऱ्यानं निसटणार नाय का?" खंडेरावांनी बांबू ओढून घेतला आणि आकडा तारेला अडकवला. घर लखलखलं. "घाला अंगठी! मुहूर्त चाललाय! मी धरून हाय!"

अंधारात घाबरून किशोरने रिंग कुठल्या कुठं फिरवली होती. पाहायला वेळ कुठला! मनोजने पल्लवीच्या बोटात अंगठी सरकवली. खिचिक! टाळ्या!

सगळी मंडळी कॅमेऱ्याभोवती गोळा झाली. रिंग पुन्हा अकरावर जाऊन बसली होती. फोटोत मनोज नाही, पल्लवी नाही, अंगठी नाही. सगळा काळोख! फक्त उघड्या दारातून अंगण दिसत होतं. तिथं वायरमन खंडेराव, हातात बांबू, वर आकडा आणि तार. शर्टाची बटणंसुद्धा मोजून घ्यावीत इतके स्वच्छ!

"एवढा भाग... अगदी बरोबर आलाय," किशोर चाचरत म्हणाला.

खंडेरावांनी फोटो न्याहाळला. मग गोटीरामांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "इवाई, लग्नाला बाहेरचा फोटोग्राफर सांगू."